पाहुणी होऊन येणाऱ्या अक्का

आमच्या शाळेत 'बिचारी' म्हणायची सोय नव्हती. कुणाच्या तोंडून चुकून तो शब्द गेलाच, तर अक्का हातातलं काम थांबवत, चष्म्याच्या वरून त्या माणसाकडे बघत आणि खणखणीत आवाजात विचारत, "का वो, कोण मेलंय काय?" देणगी द्यायला आलेली मोठी माणसंही यातून सुटली नाहीत. एकदा एक बाई डोळ्यांना रुमाल लावून वर्गात उभ्या होत्या. अक्कांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "तुमचं रडून हुईस्तवर आमी भाकऱ्या थापतो. बसा निवांत." त्या बाई पुन्हा आल्या नाहीत. देणगीही आली नाही. संस्थेचे अध्यक्ष आठवडाभर धुसफुसत होते, आणि अक्का त्यांच्यासमोरून करकर वाजणाऱ्या वहाणा घालून मुद्दाम दहादा जात होत्या.

शाळा म्हणायची एवढंच. शिवाजी पेठेत एका तालमीच्या मागच्या बोळात, दोन मजली जुन्या इमारतीत आमची कार्यशाळा होती. बुद्धीनं मागं राहिलेली, पण वयानं वाढलेली मुलंमुली तिथं यायची. अठराच्या पुढची, काही तर तिशीची. मी त्यांना बोलायला शिकवायची. शब्द स्पष्ट कसा उच्चारायचा, वाक्य पुरं कसं करायचं. अक्का त्यांना जगायला शिकवायच्या. त्यांच्या नेमणुकीच्या कागदावर 'व्यवसाय शिक्षिका' असं लिहिलेलं होतं, त्यावर त्या म्हणायच्या, "यवसाय नंतर. आदी कडी लावता आली पायजे."

त्या जिल्ह्याच्या दक्षिण टोकाच्या, कर्नाटकाला चिकटलेल्या गावातल्या. शेती करणारं जैन घर. तिकडं थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, तेच नाव त्यांच्याबरोबर कोल्हापुरात आलं. मुलग्यांना त्या 'तम्मा' म्हणायच्या, म्हणजे धाकटा भाऊ, आणि मुलींना 'तंगी', धाकटी बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. पेठेतच एका खोलीत भाड्यानं राहायच्या. सूर्य मावळायच्या आत जेवायचं हा त्यांचा जन्माचा नेम. शाळेचं स्नेहसंमेलन असो, मंत्री येणार असोत, उन्हं कलली की अक्का डबा उघडून कोपऱ्यात बसलेल्या असत. एका पाहुण्यांचं भाषण ऐन रंगात आलं असताना पहिल्या रांगेत बसून त्यांनी भाकरी मोडली होती. वर त्यांनाच विचारलं, "घेता का तुकडा? तुमचं काय आवरंल असं दिसत न्हाय."

आमच्याकडे दिवाळीत पणत्या व्हायच्या आणि श्रावणात राख्या. सगळ्याच अशा शाळांत होतात. त्यांचं प्रदर्शन भरवायचं, गावातली चार भली माणसं बोलवायची, त्यांनी कौतुकानं चार पणत्या घ्यायच्या. अक्कांना या प्रकाराचा मनापासून संताप यायचा. "दिव्यावर दिवाळी हुती. बाकीचं वरीस काय खायाचं?" असं त्या प्रत्येक बैठकीत विचारायच्या. एका प्रदर्शनात प्रमुख पाहुण्यांनी एक पणती उचलली आणि "वा, किती सुंदर" म्हणाले. अक्कांनी ती त्यांच्या हातातून घेतली, उजेडात धरली.

"ही वाकडी हाय," त्या म्हणाल्या. "तेल गळंल. का घेताय?"

"असू दे हो, मुलांनी केलीय."

"मुलांनी केलीय म्हणूनच इचारतोय. दुकानातनं वाकडी घेतली असती का तुमी?"

आणि ती पणती त्यांनी जमिनीवर आपटली. ज्यानं केली होती तो पोरगा शेजारीच उभा. आता रडतोय की काय म्हणून मी पुढं झाले, तर तो वाकला, तुकडे गोळा केले आणि अक्कांना म्हणाला, "दुसरी करतो." अक्का म्हणाल्या, "कर." बस्स. शाबास वगैरे शब्द त्यांच्या कोशात नव्हते. जमलं तर 'पास'. नाही जमलं तर 'उद्या'. नापास हा शब्द त्यांनी कधी वापरल्याचं मला आठवत नाही. एवढी फाटक्या तोंडाची बाई, पण तेवढं मात्र पाळायची.

शाळेच्या मागच्या खोलीत त्यांनी घर थाटलं होतं. खरंखुरं घर. खाट, शेगडी, मांडणी, पाण्याची घागर, आरसा आणि आतून कडी लागणारं दार. एकेका मुलानं एकेक दिवस तिथं एकट्यानं राहायचं, सकाळपासून शाळा सुटेपर्यंत. आणि घर म्हटलं की अडचणी आल्याच, त्या अक्का स्वतःच्या हातानं पेरून ठेवायच्या. दिवा सैल करून ठेव, साखरेच्या डब्यात मीठ भर, शेगडीचा लायटर लपव. मग दाराबाहेर स्टूल टाकून बसायचं. आतून कितीही हाका आल्या तरी उठायचं नाही. पालक आले तर त्यांनाही उठू द्यायचं नाही. एका आईला त्यांनी अक्षरशः दंडाला धरून बसवलं होतं. "त्याला लायटर सापडंना, त्यो रडायलाय," ती म्हणत होती. अक्का म्हणाल्या, "तुमी पन रडा हितं बसून. दोघंबी मोकळी व्हा."

पण त्यांचा खरा आवडता तास पाहुण्यांचा. आत विद्यार्थी कामात असायचा आणि अक्का डोक्यावरून पदर घेऊन, आवाज बदलून दार ठोठवायच्या. कधी त्या गडहिंग्लजची मावशी असत, कधी कुकर विकणारी बाई, कधी वीजमीटर बघायला आलेला माणूस. अभिनय अंगातच होता. मावशी होऊन आल्या की पोराचा मुका घेत, डोळ्यांतून पाणी काढत, मग हळूच खाटेवर पाय पसरत आणि डब्यातलं सगळं खाऊन टाकत. सगळं म्हणजे खरोखर सगळं. पोराला खायला काही उरत नसे. एका मुलग्यानं असा आपला डबा गमावला आणि भोकाड पसरलं. मी अक्कांना म्हणाले, "अहो, तो उपाशी राहिला." त्या म्हणाल्या, "आज डबा गेला. उद्या घर गेलं म्हंजे?" मग संध्याकाळी त्याच मुलाला त्यांनी कोपऱ्यावरच्या गाडीवर नेऊन पोटभर भडंग खायला घातलं, पण ते आम्हाला कळू दिलं नाही. भडंगवाल्यानंच सांगितलं.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. या मुलांना सगळं जग 'हो' म्हणायला शिकवतं. औषध घे, हो. इथं बस, हो. अंगठा दे, हो. 'न्हाय' म्हणायला कुणी शिकवत नाही. आणि 'न्हाय' म्हणता आलं नाही तर बाकीचं सगळं शिकून फुकट. मी बोलायला शिकवणारी. मी मुलांकडून 'नमस्कार, बसा, पाणी घ्या' घोकून घेत होते. अक्का माझ्या वर्गाच्या दारात उभं राहून म्हणायच्या, "बाई, तुमी त्यास्नी पावण्याला आत घ्यायला शिकवा. घालवायला मी शिकवतो." आमच्याकडे बायकाही 'मी आलो, मी करतो' असंच बोलतात, अक्कांच्या तोंडी ते जरा जास्तच शोभायचं.

विजू त्यांच्याकडं आली ती या पाहुण्यांच्या तासासाठीच आली म्हणायला हवं.

विजू कोडोलीची. तिशी उलटलेली, गोल चेहऱ्याची, हसताना तोंडावर हात धरणारी. मायलेकी दोघीच. गावच्या कडेला दोन खोल्यांचं घर, पुढं छोटा कट्टा. आई रोज तिला बसनं कोल्हापूरला आणायची, शाळा सुटेपर्यंत बोळात बसून राहायची. पहिल्याच दिवशी अक्कांनी तिला विचारलं, "काय शिकवू हिला?" आई म्हणाली, "मला दम्याचा तरास हाय. माज्या मागं हिनं माज्याच घरात ऱ्हावावं, एवढंच बघा." घर तिनं विजूच्या नावावर केलं होतं. पण शेजारीच चुलतभाऊ राहत होता. तो आतापासूनच यांच्या पडवीत आपली पोती ठेवत होता आणि येताजाता म्हणत होता, "काकी, तू काय घोर लावून घेऊ नको. तुझ्या मागं आमी हिच्यातच येऊन ऱ्हातो की." वाईट माणूस नव्हता तो. विजूला जेवायला घातलं असतं, दिवाळीला साडी घेतली असती आणि दोन वर्षांत तिची खाट पडवीत आली असती. असं घडलेलं अक्कांनी किती घरांत पाहिलं होतं.

आधी त्यांनी तिला कामाला लावलं. कोडोलीतल्याच एका बेकरीत. मालक भला. म्हणाला, "बसू दे की एका बाजूला. तेवढंच पुन्य."

"बसायला न्हाय आनलं तिला," अक्का म्हणाल्या. "खारी भरंल, पावाच्या लाद्या सोडवंल. चुकली तर बोला. बाकीच्यास्नी बोलता तसंच बोला."

मालकाला काही जमेना. विजूच्या हातून टोस्टचा ट्रे पडला तरी तो "असू दे बाळ" म्हणायचा. अक्का अधूनमधून जाऊन विचारायच्या, "बोलला का?" विजू नकाराची मान हलवायची. मग एक दिवस अक्का शाळेत पेढे घेऊन आल्या. विजूनं खारीत नानकटाई भरली होती आणि मालकानं सगळ्यांसमोर तिला झापलं होतं. तिनं ते रडत रडत फोनवर सांगितलं होतं आणि अक्का इकडे आनंदानं नुसत्या फुलल्या होत्या. "शिव्या बसल्या पोरीला! नोकरी पक्की झाली!" पेढा हातात घेऊन मी हसले, मग त्यांच्या डोळ्यांतलं पाणी दिसलं.

विजूची आई गेली ती पुढच्या थंडीत. संस्थेतले लोक म्हणाले, वसतिगृहात ठेवू. चुलतभाऊ म्हणाला, आम्ही आहोत. अक्का म्हणाल्या, "ती तिच्या घरात ऱ्हाईल." अध्यक्षांनी विचारलं, जबाबदारी कोण घेणार? "तीच घील. शिकवलंय कशाला मग?"

पण बोलल्या तेवढ्या त्या निर्धास्त नव्हत्या. त्यांनी एक नियम केला: आधी फोन केल्याशिवाय आलेल्या माणसाला दार उघडायचं नाही. कुणीही असो. फोन करून आला तर उघड, गप्पा मार, चहा दे. न करता आला तर खिडकीतून 'जावा' म्हण. विजूला माणसांच्या मनातलं ओळखता येत नव्हतं, पण नियम एकदा डोक्यात बसला की हलत नव्हता. अक्कांनी तेवढंच धरलं. सुट्टीच्या दिवशी एसटीनं कोडोलीला जायचं, पदर डोक्यावर घ्यायचा आणि दार वाजवायचं. विजूनं हाकललं की गल्लीच्या टोकाला, पिठाच्या गिरणीच्या कोपऱ्यापर्यंत जायचं, पदर खांद्यावर घ्यायचा आणि परत येऊन मोठ्यानं म्हणायचं, "पास!" मग विजू दार उघडायची, आणि चहा. या फेऱ्यांची बदली सुट्टी त्यांनी कधी घेतली नाही, एसटीचं भाडं संस्थेकडं मागितलं नाही.

पहिल्यांदा विजूनं सगळ्यांना आत घेतलं. साड्या विकणारीला, वारणेकडच्या आत्याला, देवीच्या नावानं फिरणाऱ्या बाईला. उद्या, उद्या, उद्या. मग हळूहळू जमायला लागलं. अक्का दारात छाती बडवून घेत, "खरंच आलोय गं, उनातनं आलोय," म्हणत, आणि विजू खिडकीतून शांतपणे सांगे, "असंच म्हणत्यात समदी." हे वाक्य अक्कांनीच तिला दिलेलं होतं. तिच्या तोंडून ते ऐकलं की त्या सोमवारी शाळेत येऊन नक्कल करून दाखवायच्या. "हाकललं की मला! पानीसुदिक दिलं न्हाय भवानीनं!"

शेवटी त्या स्वतःच्याच तोंडानं जायला लागल्या. पदर नाही, बदललेला आवाज नाही. अक्का म्हणूनच दार वाजवायचं, दम लागलाय म्हणायचं, पाय दुखतोय म्हणायचं, आणि विजूनं तरीही हाकलायचं. हे मला पटलं नाही. मी म्हटलं, "अक्का, हे जरा अतीच होतंय. निदान तुम्हाला तरी तिनं आत घ्यावं."

"चुलतभाऊ काय खोट्या मिशा लावून येनार हाय?" त्या म्हणाल्या. "वळखीचंच मानूस आत शिरतंय, बाई. वळखीचंच रडतंय दारात."

विजूला ते फार जड गेलं. अक्का दिसली की तिचा हात आपसूक कडीकडे जायचा. पण तेही झालं. आणि खरोखरच एका दुपारी चुलतभाऊ बायकोसह वळकट्या घेऊन कट्ट्यावर आला. "विजे, दार उघड, तुझ्या भल्यासाठी आलोय." विजू खिडकीतून म्हणाली, "फोन न्हाय केलासा. जावा." तो म्हणाला, "अगं, घरचा माणूस मी!" तर म्हणाली, "असंच म्हणत्यात समदी." अख्खी गल्ली बघत होती. वळकट्या परत गेल्या. पोतीही पुढं हलली. अक्कांनी ही गोष्ट किती जणांना सांगितली असेल, देव जाणे. बोळातल्या तालमीच्या पोरांनासुद्धा तोंडपाठ झाली होती.

त्यानंतर अक्का निवृत्त झाल्या. संस्थेनं शाल-नारळ दिला. भाषण करा म्हटलं तर म्हणाल्या, "मागच्या खोलीतला दिवा सैल हाय, कुनी हात लावू नगा," आणि बसल्या. ती खोली पुढच्या वर्षी संगणकांना दिली गेली. मी त्यांच्याकडे जात असे, पण त्यांच्या घरी गेल्यावर बसायचं कुठं हा प्रश्न पडायचा. एकच खुर्ची, आणि कुणी काही करू लागलं की खेकसायच्या. गुडघे गेले होते तरी खालून पाण्याची बादली स्वतःच वर आणायच्या. मी बादलीला हात लावला तर म्हणाल्या, "मी बिचारी झालो काय गं?" मी बादली सोडली. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांना जे शिकवलं ते स्वतःवर असं काही घट्ट बसवून घेतलं होतं की, मदत मागायची असते हे त्यांना माहीतच नव्हतं. मला याचं फार वाईट वाटतं. आजही वाटतं.

एका संध्याकाळी मी गेले तर त्या अंधारात बसल्या होत्या. दिवा लावला, तर चेहरा उतरलेला.

"जेवलात?" मी विचारलं.

"न्हाय. यायला उशीर झाला. सूर्य गेला."

मग तुटक तुटक सांगितलं. सकाळी डॉक्टरांकडं गेल्या होत्या. डॉक्टरांनी काय सांगितलं ते सांगितलं नाही. "लई दिस काडायचं न्हाईत, एवढंच कळलं," म्हणाल्या. तिथून बाहेर पडल्या आणि घरी यायच्या ऐवजी कोडोलीच्या गाडीत बसल्या. का, ते त्यांनाच माहीत नव्हतं. "वाटलं, विजूकडं जावावं. तिच्या हातची भाकरी खावावी. जमलं तर एक रात ऱ्हावावं." फोन करायचं डोक्यातच आलं नाही.

"मग?"

"दार वाजवलं. खिडकीत आली. म्हनली, फोन न्हाय केलास, जा. मी म्हटलं, विजे, आज परीक्षा न्हाय गं, खरंच आलोय." अक्कांनी चष्मा काढला. "तर म्हनली, असंच म्हणत्यात समदी."

मी म्हटलं, "अहो, गिरणीपर्यंत जाऊन परत यायचं! दार उघडलं असतं की तिनं. नेहमीसारखं."

"गेलतो गिरणीपातूर." त्या मांडीवरचा पदर नुसत्या चोळत होत्या. "तितनं माघारी फिरवंना. राग आला गं मला. तिचा न्हाय. कुनाचा आला ते कळंना. गाडी उबीच हुती, चढलो."

मी मोबाईल काढला. म्हटलं, आत्ता विजूला सांगते, उद्या सकाळी तुम्हाला घेऊन जाते. अक्कांनी माझं मनगट धरलं. त्या हातात अजून चांगला जोर होता.

"खबरदार. काय सांगनार? की ती चुकली? एकदा सांगितलंस की खरी मानसं बी अशीच न सांगता येत्यात, की ती परत्येकाला खरं समजंल. चुलतभावाच्या वळकट्या पुन्यांदा येतील." मग हळू आवाजात म्हणाल्या, "पास झालीय ती. ऱ्हाऊ दे तसंच."

मी म्हटलं, मग फोन करून जाऊ, नियमानं जाऊ. "बगू," त्या म्हणाल्या. पुढं दोनतीनदा मी विषय काढला, दरवेळी 'बगू'. पावसाळा सरला आणि अक्का गेल्या. झोपेतच गेल्या, शेजारणीला दूध आत घेतलेलं दिसलं नाही तेव्हा कळलं. अंत्ययात्रेला तालमीची पोरं आली, आमची जुनी मुलं आली. विजूला कुणी कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर ती एकटी बसनं आली असती, हे मला पक्कं माहीत होतं, आणि ते मला नंतर फार लागून राहिलं.

तिला सांगायला मी आठवड्यानं गेले. आदल्या दिवशी फोन केला होता, त्यामुळं दार लगेच उघडलं. घर लखलखीत. चुलीवर नाही, शेगडीवर भाताचं पातेलं, दोरीवर बेकरीचा पांढरा एप्रन वाळत होता. मी सांगितलं. विजूनं ऐकलं. ती रडली नाही. खाटेवर बसली, मग उठून भाताचा गॅस बंद केला आणि पुन्हा बसली.

"अक्का मेली?"

"हो गं."

"आमच्या आईगत?"

"हो."

ती बराच वेळ हाताची बोटं बघत राहिली. मग म्हणाली, "मागं आलती. फोन न करता. मी घालवलं. मग च्या ठेवला दोघींचा. गिरनीपातूर जाऊन येती न्हवं, म्हणून. आलीच न्हाय. मी दारात हुबा ऱ्हायलो. च्या गार झाला." मग माझ्याकडं बघून विचारलं, "मी पास का न्हाय?"

वाटेत मी ठरवून आले होते की खरं सांगायचं. तिला कळायला हवं की अक्का त्या दिवशी तिच्याकडं खरंच आली होती, तिच्या हातची भाकरी खायला आली होती. माणसाला एवढं तरी कळायला हवं. पण त्या प्रश्नानंतर मला ते जमलं नाही. अक्कांचा हात मनगटावर असल्यासारखं वाटलं.

"पास," मी म्हणाले. "अक्का मला म्हणाल्या होत्या. विजू पास झाली म्हणून."

"मग आत का न्हाय आली?"

"गाडी चुकली असती."

हे तिला पटलं. गाडीचं तिला कळतं. तिनं मान हलवली, उठून मला भात वाढला, आणि मी तो खाल्ला. तिची कामावर जायची वेळ झाली होती. तिनं एप्रन घडी घालून पिशवीत ठेवला, दाराला कुलूप लावलं, ओढून बघितलं. आम्ही दोघी गल्लीतून चालू लागलो. गिरणीपाशी ती थांबली.

"आता परीक्षा घ्यायला कोन येनार?"

"कुणी नाही, विजू. अक्काच घेत होत्या."

तिनं विचार केला. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या आणि मग एकदम सैल झाल्या, हिशेब लागल्यासारख्या.

"मग आता येतील ती समदी खरीच की."

चुलतभावाचं घर तिथून दिसत होतं. पडवीत बाज टाकून तो पेपर वाचत बसला होता. मी घाईघाईनं म्हणाले, "नाही नाही. मी येणार आहे. परीक्षा घ्यायला. कधी ते सांगणार नाही."

विजूनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. माझी पर्स, माझी छत्री, माझा चेहरा.

"तुमास्नी जमायचं न्हाय," ती म्हणाली. "तुमी लई ग्वाड बोलता."

ती बेकरीच्या दिशेनं दोन पावलं गेली, मग मागं वळली.

"पर या," म्हणाली.